वजन आणि मन

'वजन' हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच आहे. काट्यावर उभे राहिले की शरीराचे वजन कळते. पण त्या आकड्याचा मनावर किती भार पडतो, हे काटा सांगत नाही.

समजा, सलमा आणि नाझिया मालेगावच्या एका शाळेत, एकाच वर्गात शिकतात. सलमाचे वडील यंत्रमागावर काम करतात. सलमा फार बारीक आहे. पाहुणे विचारतात, "हिला घरी पोटभर मिळत नाही का?" सलमा मान खाली घालते. हा प्रश्न आपल्या वडिलांच्या कमाईबद्दल आहे, हे तिला कळते.

नाझियाच्या वडिलांचे कापडाचे दुकान आहे. नाझिया लठ्ठ आहे. लहानपणी लोक तिला कौतुकाने 'खात्यापित्या घरची' म्हणत. आता तेच लोक म्हणतात, "जरा कमी खा!" नाझिया चारचौघांत जेवायला लाजते. खेळाच्या तासाला ती कोपऱ्यात बसून राहते.

घरे वेगळी, पण दुःख एकच!

२०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन कमी आढळले, तर सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आढळले. आपल्याकडे गरीब घरांत कमी वजन आणि सुखवस्तू घरांत जास्त वजन अधिक दिसते. अमेरिकेत मात्र गरीब स्त्रियांमध्येच लठ्ठपणा अधिक आढळतो. म्हणजे वजन केवळ स्वतःच्या हातात नसते. घरची मिळकत, मिळणारे अन्न, कामाचे स्वरूप आणि आईवडिलांकडून आलेली शरीराची ठेवण यांवरही ते अवलंबून असते. मग त्यासाठी एखाद्याला आळशी किंवा खादाड का म्हणावे?

चिडवल्याने कोणाचे वजन सुधारत नाही. उलट, चिडवलेली मुले खेळणे टाळतात. काही उपाशी राहतात, तर काही दुःखाच्या भरात जास्त खातात. त्यामुळे मन आणि शरीर दोन्ही बिघडतात.

वाढत्या वयात वजन योग्य आहे की नाही, हे वय आणि उंची पाहून ठरवतात. म्हणून शंका आली तर डॉक्टरांना विचारा. मनाने उपास करू नका. आणि उद्या खेळाच्या तासाला कोणी कोपऱ्यात बसलेले दिसले, तर त्याला खेळायला हाक मारा.