किर्लोस्करवाडीचे राखणदार आणि बेसिंगस्टोकच्या बागा

बेसिंगस्टोकच्या बेसिंग व्ह्यू परिसरात १९७६ साली विगिन्स टीप या कागद कंपनीचे मुख्यालय उभे राहिले. पुढे माउंटबॅटन हाउस या नावाने ओळखल्या गेलेल्या या इमारतीचे मजले पायऱ्यांसारखे मागे सरकत जातात आणि त्यांच्या गच्च्यांवर बागा आहेत. त्यामुळे 'बेसिंगस्टोकच्या झुलत्या बागा' हे नाव तिला कायमचे चिकटले. कारकुनालाही टेबलापासून उठून थेट बागेत जाता यावे अशी इमारत बांधून घेणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बाहेर गेलेला माणूस कामावर परत येतो.

प्रत्येक कार्यालयाच्या मुळाशी असे एखादे गृहीतक असते. अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० साली 'द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइज' या ग्रंथात त्याला नावे दिली. माणसाला मुळात काम नकोच असते, म्हणून धाक आणि आमिष हवे, असे मानणारी धारणा 'एक्स'. अनुकूल परिस्थितीत माणूस जबाबदारी आपणहून शोधतो, असे मानणारी 'वाय'. ही जोडी आता घासून गुळगुळीत झाली आहे. मॅकग्रेगर यांचा महत्त्वाचा मुद्दा मात्र बहुधा निसटतो : पहिली धारणा आपला पुरावा स्वतःच निर्माण करते. क्षणोक्षणी तपासला जाणारा माणूस सांगितले तेवढेच करू लागतो, आणि मग वरिष्ठाला वाटते की आपले म्हणणे खरेच होते.

मराठी माणसाला याचे उत्तम उदाहरण मॅकग्रेगर यांच्या पन्नास वर्षे आधीच सापडते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला बढती दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्यांना बेळगावातील जागाही पुढे सोडावी लागली. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. शिक्षणात अपयशी ठरलेले अनंतराव फळणीकर तेथे अभियंता झाले. वसाहतीत अस्पृश्यतेला मज्जाव होता. आणि राखणीला होते तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग, दोघेही दरोड्याची शिक्षा झालेले.

ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा कायदा अमलात होता. त्या काळी शिक्षा भोगून आलेल्याच्या हाती कारखान्याची राखण सोपवणे ही भाबडी दया नव्हती. दया दाखवणारा त्यांना जेवू घालून परत पाठवता. लक्ष्मणरावांनी मात्र त्यांना चोख बजावावे लागेल असे काम दिले. हे दोघे वसाहतीचे विश्वासू पहारेकरी ठरले. याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा तीच.

अर्थात, जिथे घरही मालकाचे आणि रस्ताही मालकाचा, तिथल्या विश्वासात वडीलधारेपणाचा अंश असतोच. आजच्या लंडनच्या वा बेसिंगस्टोकच्या कर्मचाऱ्याला तो रुचणार नाही, आणि रुचू नयेही.

आजचा संशय पडद्यामागून चालतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२२च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपले काम नीट होत असल्याचे सांगितले. संमिश्र पद्धतीत माणसे खरेच काम करतात यावर विश्वास ठेवणे अवघड झाले, असे मात्र ८५ टक्के नेत्यांचे म्हणणे होते. या दरीतूनच संगणकावरच्या हालचाली मोजणारी प्रणाली आली आणि तिच्या पाठोपाठ माउस आपोआप हलवणारे यंत्रही बाजारात आले. मॅकग्रेगर यांना याहून चपखल उदाहरण मिळाले नसते.

६ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक कामाची मागणी करता येते. नकार देण्याआधी मालकाने कर्मचाऱ्याशी चर्चा केली पाहिजे आणि निर्णय दोन महिन्यांत कळवला पाहिजे, असे कायदा सांगतो. त्या चर्चेत पहिला प्रश्न 'हे काम कसे पूर्ण होईल?' असा असतो की 'तुम्ही घरी आहात हे आम्हांला कसे कळणार?' असा, हे कायदा ठरवू शकत नाही. समोरच्या माणसाला मात्र तेवढ्यावरूनच आपल्याविषयीचे मत कळते.