प्रवाळांच्या टाकीचा चार्ज

शिखरजीच्या यात्रेला निघायचे ठरले की व्यापारी घरात पहिला प्रश्न दुकानाचा उभा राहतो. गल्ल्याची किल्ली कोणाकडे, उधारी कोण वसूल करील, मुनीमजींना कितपत अधिकार द्यायचे, याची चर्चा तिकिटांच्याही आधी होते. बँकेत आम्हीही रजेवर जाण्यापूर्वी रीतसर चार्ज देत असू. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, आणि रोकड मोजून घेतल्याची सही झाल्याशिवाय घरी जाता येत नसे. परंतु जिवंत प्राण्यांचा चार्ज घेण्याची वेळ मजवर प्रथमच आली, ती गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, न्यू जर्सीला चिरंजीवांच्या घरी.

त्यांच्या दिवाणखान्यात सुमारे २८५ लिटर खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत मासे आहेत, पण मुख्य मान प्रवाळांचा. पोवळे म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढीच माझी समज. प्रत्यक्षात तो सूक्ष्म जीवांचा समूह असतो. प्रत्येकाला तोंड असते, तोंडाभोवती स्पर्शिका असतात, शरीरात एकपेशीय शैवाल वस्तीला असते आणि त्या शैवालाने प्रकाशात तयार केलेल्या अन्नावर यजमानाचा बराच निर्वाह चालतो. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम घेऊन आपले घर बांधतो. आपल्या जीवविचार प्रकरणात विद्रुम पृथ्वीकायात गणला आहे, हे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे आजोबा, जीव आहे हे दोघांनाही मान्य आहे ना?" या युक्तिवादापुढे मी गप्प बसलो.

चिरंजीव, सूनबाई व नातू नऊ दिवसांसाठी पश्चिम किनाऱ्यावर जाणार होते. गुडघ्यांमुळे आम्ही उभयता घरी राहणार होतो. साहजिकच टाकी आमच्याकडे आली.

खरे सांगायचे तर मला हा छंद रुचलेला नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आहे, म्हणजे जीवाला कोंडून ठेवणे. आणि अन्नपाननिरोधही आहे, म्हणजे त्याचे अन्नपाणी रोखणे. टाकी ठेवली की पहिला दोष रोजचाच, आणि सोय न लावता गावाला गेले की दुसराही पदरात पडतो. हे मी चिरंजीवांना पूर्वीच ऐकवले होते. त्यांचे म्हणणे असे की आता ही टाकी बंद करायची तरी यातील जीव कोठे सोडायचे? परक्या समुद्रात सोडणे हा तर दुसऱ्या जीवांवर अन्याय. हा मुद्दा मला मान्य करावा लागला.

त्यांची तयारी मात्र वाखाणण्यासारखी होती. निघण्याच्या तीन दिवस आधी त्यांनी टाकीतील काही पाणी बदलले, आणि त्यानंतर कशालाही हात लावला नाही. नवे यंत्र, नवा मासा, नवे औषध, यांपैकी काहीही प्रवासाच्या तोंडावर आणायचे नाही, हा त्यांचा कडक नियम. कारण नव्या गोष्टीचा बिघाड पहिल्या काही दिवसांतच दिसतो, आणि तो पाहायला आपण तेथे असले पाहिजे. पाणी तापवणारा हीटर चालू अवस्थेतच अडकला तर सगळी टाकी उकडून निघते, म्हणून त्याच्यावर वेगळा नियंत्रक बसवला होता. २६ अंश सेल्सियसच्या वर तो वीज तोडी. प्रोटीन स्किमर म्हणजे फेसाबरोबर घाण वेगळी काढणारे यंत्र. त्याचा पेला रिकामा करून ठेवला होता.

मला सर्वांत उद्बोधक वाटला तो पाण्याचा हिशेब. आमच्या टाकीतून रोज सुमारे ४ लिटर पाणी वाफ होऊन जाई. पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती केवळ शुद्ध केलेल्या गोड पाण्याची. अनोळखी माणूस "समुद्राचे पाणी कमी झाले" म्हणून खारे पाणी ओततो आणि क्षार वाढत जातात. व्याज मुद्दलात मिळवत राहिल्यासारखेच ते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम ही मात्रा फारशी हलता कामा नये. भर घालण्याचे काम यंत्र आपोआप करी. आम्ही केवळ पिंपातील पातळी काचेवरच्या खुणेशी ताडून पाहायची. खाऱ्या पाण्याचे वेगळे पिंपही तयार ठेवले होते, पण त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : "फोन केल्याशिवाय उघडू नये."

आणखी एक सक्त सूचना होती. टाकीत हात घालायचा नाही. काही मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हाताला चीर असेल किंवा तो हात डोळ्याला लागला तर जिवावर बेतू शकते. घरी येणाऱ्या मदतनिसाला हे कोणी सांगत नाही, आणि तो बिचारा काच पुसायला बाह्या सरसावतो.

खाद्याची व्यवस्था पाहून मात्र आम्हां दोघांना हसू आले. आमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची असते तशी सात खणांची डबी. प्रत्येक खणात त्या दिवसाचे दाणे मोजून भरलेले. उरलेल्या दोन दिवसांसाठी दोन पुड्या. गोठवलेल्या कोळंबीसारखे खाद्य एरवी गॅरेजमधील वेगळ्या फ्रीजमध्ये असते. ते आम्हांला हाताळावे लागू नये म्हणून या काळात बंद ठेवले. पिवळ्या टँग माशाला समुद्री शैवालाची चकती. "अण्णा, दाण्यांतही माशाची भुकटी असते," हे चिरंजीवांनी लपवले नाही. मी ते दाणे टाकले. मन निवाले असे म्हणणार नाही.

चूक घडली ती चौथ्या दिवशी, आणि घडली दयेपोटी. काचेजवळ गेले की मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत. सौभाग्यवतींना ते पाहवेना. "एवढ्याशा दाण्यांत त्यांचे काय होते? पाहुणे म्हणून आलो आणि त्यांना उपाशी ठेवले, असे नको," असे म्हणून त्यांनी मूळ डब्यातून दोन दिवस मूठमूठभर खाद्य घातले. मला ठाऊक होते. मीही अडवले नाही. वास्तविक निरोगी मोठे मासे थोडक्यावर अनेक दिवस तग धरतात, आणि माणूस दिसला की अन्न मागणे ही त्यांची सवय असते. न खाल्लेले दाणे खडकांत कुजतात, अमोनिया वाढतो, जंतू फोफावतात आणि पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात.

सहाव्या दिवशी पहाटे सामायिक करून उठलो तो टाकीचे पाणी ताकासारखे झालेले, मासे पृष्ठभागाशी धापा टाकत. पश्चिमेकडे तेव्हा रात्र होती, तरी फोन लावला. चिरंजीवांनी एक शब्द न रागावता पुढचे सांगितले : खाद्य पूर्ण बंद, कपाटातील बॅटरीवरचा हवेचा पंप लावा, खाऱ्या पाण्याच्या पिंपातून नळीने पाणी बदला. मग म्हणाले, "अण्णा, मासे मोजा." लहान हिरवट-निळे क्रोमिस सहा असत, पाच भरले. सहावा खडकामागे सापडला. तो जाळीने काढला, कारण तेथे राहता तर पाणी आणखी बिघडते. सौभाग्यवतींनी त्या दिवशी उपवास केला आणि संध्याकाळच्या प्रतिक्रमणात बराच वेळ उठल्या नाहीत. पाणी निवळायला दोन दिवस लागले. प्रवाळ वाचले.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. पुण्यातील माझ्या भाच्याने या टाकीची छायाचित्रे पाहून तशीच टाकी करण्याचा हट्ट धरला. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान येथील खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत; ते काढणे वा विकणे गुन्हा आहे. "दुकानदार देतो म्हणाला" हा बचाव बँकेतही चालत नसे. भाच्याला मी स्पष्ट नकार कळवला.

मंडळी परतली तेव्हा सौभाग्यवतींनी बॅगा आत येण्यापूर्वीच घडले ते सांगितले. सूनबाईंनी त्यांना जवळ घेतले. नातू गुपचूप जाऊन मासे मोजून आला. त्या रात्री चिरंजीवांनी सूचनांच्या कागदात तीन ओळी वाढवल्या. येत्या डिसेंबरात ते सर्व तीन आठवड्यांसाठी भारतात येतील, शिखरजीलाही जाणार आहेत. शेजारच्या तरुणाला मोबदला देऊन त्याच्याकडून नोव्हेंबरात दोन दिवसांची रंगीत तालीम करून घ्यायची, असे ठरले आहे. डबी पूर्वीसारखीच भरली जाईल. मूळ खाद्याचा डबा मात्र आता कपाटात कुलपाखाली असतो. निघताना त्याची किल्ली सौभाग्यवतींनी स्वतःच सूनबाईंच्या हाती दिली.