ज्या, कोटिज्या आणि 50 हर्ट्झ

मायक्रोकंट्रोलरमधून साइन तरंग काढायचा म्हटला की हात आपसूक तक्त्याकडे जातो. 256 किमती मेमरीत भरायच्या, टायमरच्या ठोक्यागणिक एकेक उचलून पीडब्ल्यूएमने बाहेर काढायची, रेझिस्टर-कपॅसिटरने गाळून घ्यायची. काम चोख होतं. माझं मन मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्या रीतीत गुंतलेलं आहे: तक्ता ठेवायचाच नाही, हातातल्या ज्येतून (म्हणजे साइनमधून) पुढची ज्या काढायची. ही रीत भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, 1150 साली, ज्योत्पत्तीच्या प्रकरणात स्वच्छ मांडलेली आहे.

भास्कराचार्य म्हटलं की आपल्याकडे गाडी लीलावतीवरच थांबते, याची मला खंत वाटते. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. त्या ग्रंथांत 'शिरोमणी' अग्रभागी.

नियम असा. त्रिज्या 3438 कला (कोनाची मिनिटं). ज्येतून तिचाच 6569वा भाग वजा करा, कोटिज्येला (म्हणजे कोसाइनला) 10 ने गुणून 573 ने भागा, दोन्हींची बेरीज म्हणजे एक अंश पुढची ज्या. शून्यापासून निघालो तर पहिली ज्या बरोबर 60 कला येते, कारण 573 गुणिले 6 म्हणजे 3438. दुसरी 119.98. अपूर्णांक किती विचारपूर्वक निवडला आहे!

कोटिज्येलाही हाच न्याय लावला, फक्त बेरजेऐवजी वजाबाकी केली, की चिपवरचा तरंगजनक तयार. एटीमेगा-328 मध्ये भागाकाराची सूचना नाही, गुणाकाराची आहे. म्हणून दोन्ही अपूर्णांक आधीच 2 च्या मोठ्या घाताने गुणून पूर्णांक करून ठेवायचे. इन्व्हर्टरचे 50 हर्ट्झ हवे असतील तर सेकंदाला 18,000 पायऱ्या, म्हणजे 16 मेगाहर्ट्झवर पायरीला सुमारे 889 ठोके. वेळ भरपूर.

खरी गंमत पुढे आहे. 6568/6569 आणि 10/573 यांच्या वर्गांची बेरीज 1 हून जराशी जास्त भरते, सुमारे 0.000000135 ने. पायरीगणिक तरंगाची उंची याच्या निम्म्याने वाढते. 90 अंशांच्या तक्त्यात ही वाढ त्रिज्येच्या टोकाला कलेच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे ज्योतिषाला नगण्य. पण इन्व्हर्टर थांबत नाही. 50 हर्ट्झवर साधारण साडेनऊ मिनिटांत उंची दुप्पट होते आणि पीडब्ल्यूएमची मर्यादा त्याच्या कितीतरी आधीच ओलांडली जाते.

यावर दर पायरीला वर्गमूळ काढून उंची सावरण्याचा सल्ला देतात. मला तो उधळपट्टीचा वाटतो. भास्कराचार्यांना 90 अंशांपुरतंच जायचं होतं. आपणही तेवढंच जावं. एका पादाच्या ज्या काढायच्या, पुढच्या पादात त्याच नियमाने कोटिज्या वापरायची, उरलेल्या अर्ध्या फेरीत चिन्ह उलटवायचं, आणि प्रत्येक पादाच्या आरंभी रजिस्टरमध्ये पुन्हा 0 आणि 3438 भरायचे. चूक साठायला जागाच उरत नाही.