न उघडलेली पार्सलं

कंपवातावर प्रॅमिपेक्सोलसारखी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांना चमत्कारिक अनुभव येतो. आयुष्यभर काटकसरीनं राहिलेला माणूस एकाएकी खरेदीचा सपाटा लावतो. कुणी जुगाराकडे वळतो. डॉक्टरांनी डोस उतरवला, की ही ओढ बहुधा ओसरते. (औषध स्वतःच्या मनानं मात्र कधीच बंद करू नये.) माणूस तोच, संस्कार तेच, पेन्शनही तेवढीच. ही औषधं मेंदूत डोपामाइनसारखं काम करतात, फरक पडतो तो त्यामुळे. ‘हात सैल आहे’, ‘पैशाची किंमत नाही’ असं कुणालाही सुनावण्याआधी हे आठवावं.

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, हे अर्धंच खरं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतल्या माकडांना दिव्याची खूण झाली की फळाचा रस मिळे. ही सांगड एकदा कळल्यावर त्यांच्या डोपामाइन-पेशी खूण दिसताच उसळत. रस प्रत्यक्ष तोंडात पडताना मात्र त्या फारशा हलत नसत. खरेदीची खरी झिंगही अशीच आधी चढते. शोधताना, रंग निवडताना, कार्ट भरताना, डिलिव्हरीची वाट पाहताना. खोकं घरात आलं की तिचा भर ओसरतो. म्हणून तर काहींच्या कपाटात लेबलं न काढलेले कुर्ते आणि न उघडलेली पार्सलं साठत जातात.

खरेदीची ही ओढ बहुतेकदा मन खाली गेलेलं असताना लागते. भांडण झालेलं असतं, घर रिकामं असतं, कामावर पाणउतारा झालेला असतो. ऑर्डर दिली की घटकाभर बरं वाटतं. मग अपराधीपणा येतो, बिलं लपवली जातात, त्यानं मन आणखी खाली जातं आणि बोटं पुन्हा मोबाइलकडे वळतात.

याला फक्त मॉल आणि ॲप जबाबदार नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं अनावर खरेदीच्या विकृतीचं वर्णन केलं होतं. ‘बायकांचाच नाद’ हा समजही टिकत नाही. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा त्रास 6 टक्के स्त्रियांत दिसला, आणि 5.5 टक्के पुरुषांत!

ॲपनी केलं ते एवढंच, की मधला अडसर काढला. मेंदूशास्त्रज्ञ ब्रायन नटसन यांच्या 2007 मधल्या अभ्यासात किंमत जास्त वाटली की मेंदूतला इन्सुला हा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. नकोशा भावनांशी त्याचा संबंध आहे. नोटा मोजून देताना ही टोचणी जाणवते, ॲपमध्ये साठवलेल्या कार्डानं ती बोथट होते. म्हणून ॲपमधून कार्ड काढून टाकणं, रात्री उशिरा ऑर्डर न देणं हे उपाय साधे असले तरी कामाचे आहेत.

पण मूळ दुखणं त्यानं जात नाही. संज्ञानात्मक वर्तन उपचारात रुग्णाला खरेदीची नोंदवही ठेवायला सांगतात. तिच्यात किमतीहून महत्त्वाचं असतं ते ऑर्डर देण्याआधी काय घडलं आणि मनात काय होतं ते. घरच्यांनीही ‘केवढ्याला आणलंस?’ऐवजी तेच विचारावं, कारण रागावण्यानं लाज वाढते आणि लाजेनं खरेदी. सोबत कुणी नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.