हेडफोनमध्ये १९४३

ऑफिसला जाता-येता तुम्ही काय ऐकता? गाणी, क्रिकेट, नाहीतर ‘झटपट श्रीमंत व्हा’ छाप गप्पा. माझंही तेच चालायचं. मग एका कलीगने ‘थ्री मिलियन’ सुचवलं आणि आठवडाभर माझी प्लेलिस्ट बंदच!

थ्री मिलियन म्हणजे तीस लाख. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात निदान इतकी माणसं गेली. ब्रिटिश पत्रकार कविता पुरी यांनी २०२४ मध्ये बीबीसीसाठी केलेली ही पॉडकास्ट मालिका. दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला हिटलर आठवतो, हिरोशिमा आठवतं. हे तीस लाख रणांगणावर मेले नाहीत, म्हणून युद्धाच्या गोष्टीत त्यांना जागाच नाही.

पण कारण युद्धच होतं. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरचा तांदूळ उचलला, हजारो होड्या जप्त केल्या. जिथे होडी हीच बस, टेम्पो आणि पोटापाण्याचं साधन, तिथे! त्यात ऑक्टोबरचं चक्रीवादळ, महागाई, साठेबाजी. धान्य आधी सैन्याला आणि कलकत्त्याला. खेड्यातला मजूर सगळ्यात शेवटी.

हे पुस्तकांत आहेच की, मग पॉडकास्ट कशाला? चित्तप्रसाद यांनी मिदनापूरमध्ये फिरून उपाशी माणसांची स्केचेस काढली, तर सरकारने त्यांचं पुस्तकच जप्त केलं. (हेच चित्तप्रसाद पुढे कित्येक वर्षं आपल्या अंधेरीत राहिले.) फायली, डायऱ्या उरल्या त्या साहेबांच्या. उपाशी माणूस डायरी कुठून लिहिणार? पण बोलायला अक्षरओळख लागत नाही. बोलता बोलता माणूस मध्येच थांबतो ना, ते थांबणं कागदावर उतरत नाही. कानाला मात्र बरोब्बर कळतं. या मालिकेत दुष्काळ पाहिलेली माणसं बोलतात, तशी बंगालचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन हर्बर्ट यांची नातही बोलते.

अर्थात, आठवण म्हणजे पुरावा नव्हे. ऐंशी वर्षांत तपशील इकडचे तिकडे होतात, ते कागदपत्रांशी ताडून पाहावेच लागतात. पण कागद अजून पन्नास वर्षांनीही तपासता येतील. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं मात्र आज नव्वदीच्या पुढे आहेत.

आपल्याकडेही आहेत अशी माणसं. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट, रेशनच्या रांगा, पलटणीत गेलेला आणि परत न आलेला काका... घरात, सोसायटीत कुणी आजी-आजोबा असतील तर या वीकेंडला जाऊन बसा. रेकॉर्ड करू का, असं आधी विचारा. पंखा बंद, मोबाइल जवळ. एकच प्रश्न विचारा आणि गप्प राहा. नाव, गाव, तारीख टाकून फाइल दोन ठिकाणी सेव्ह करा. अपलोडचं नंतर बघू. आधी आवाज तर राहू दे!