पिलें कां दगावतात?

बारामतीहून इंदापुराकडे निघालें म्हणजे नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस दुतर्फा दिसतो. त्या मळ्यांच्या कडेला कोंबड्यांचीं लांबट पत्र्याचीं घरें आतां जागोजाग आढळतात. आणि वस्तीवरील अंगणांत डालग्याखालीं चिवचिवणारीं दहाबारा पिलें तर पूर्वीपासूनचींच. आपल्यासारख्या शहरवासीयांस अंडें म्हणजे न्याहारीचा एक जिन्नस. त्या अंगणांतील बाईला मात्र तो मुलांच्या वह्यापुस्तकांचा आणि औषधपाण्याचा हातचा पैसा आहे. एके सकाळीं तिनें डालगें उचलावें आणि चार पिलें निपचित पडलेलीं दिसावीं, दुसऱ्या दिवशीं आणखी तीन, म्हणजे त्या घरावर कसा घाला पडतो याची आपणांस कल्पना येईल.

"काल तर चांगलीं टिपत होतीं; नजर लागली, दुसरें काय?" असे उद्गार अशा वेळीं निघतात. परंतु नजरेला दोष दिल्यानें उरलेलीं पिलें वांचत नाहींत. ज्या मरणाचें कारण दिसत नाहीं त्याला कारणच नसतें असें नव्हे, आणि त्या कारणाचा पहिला साक्षीदार म्हणजे पिलाचें वय होय.

पिलूं अंड्यांतून बाहेर येतें तें बलकाचा उरलेला भाग पोटांत घेऊन. त्या शिदोरीवर तें दोनतीन दिवस तग धरतें. या पहिल्या दिवसांतच मृत्यु आले, तर शोध घ्यावा तो उबवणीचा, प्रवासाचा आणि उबेचा. बेंबी ओली व पोट फुगलेलें असेल तर उबवणीच्या वेळची अस्वच्छता बहुधा नडलेली असते. पहिल्या आठवड्यांत पिलांस सुमारें ९५ अंश फॅरनहीट उष्णता लागते. पुढें दर आठवड्यास ती पांचपांच अंशांनीं उतरवावी. दिव्याखालीं पिलें एकमेकांवर चढून बसलीं तर तीं गारठलीं आहेत, दूर जाऊन चोंच उघडून धापा टाकूं लागलीं तर त्यांस उकडतें आहे, आणि सारखीं पसरलीं असलीं तर सर्व ठीक आहे, असें समजावें. स्वस्त म्हणून अंथरलेला उसाच्या चिपाडांचा भुसा ओला राहून बुरसला, तर ती बुरशी श्वासावाटे आंत जाऊनहि पिलें दगावतात.

दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यांत मरण वाढलें, पिलें पंख पाडून पेंगूं लागलीं व गुदद्वाराशीं पांढरी घाण चिकटली, तर पुलोरम म्हणजे पांढऱ्या हगवणीचा संशय येतो. या रोगाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेंत लिओ रेटगर यांनीं १९०० सालीं त्याच्या जंतूंचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढील संशोधनांत असें आढळलें कीं, हे जंतु वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयांत दडून राहतात व अंड्यांतूनच पिलांत उतरतात. म्हणजे जें कारण खुराड्यांत सांपडेना, तें आदल्या पिढींत होतें! उपायहि तेथूनच निघाला: पैदाशीच्या कोंबड्यांचें रक्त तपासून दोषी कोंबड्या वगळणें. म्हणून अशा सांथींतून वांचलेलें पिलूं पैदाशीस ठेवूं नये, आणि पिलें विकत घेतांना ही तपासणी झाली आहे काय, हें उबवणी केंद्रास अवश्य विचारावें.

तिसऱ्या आठवड्यापासून विष्ठेंत रक्त दिसल्यास रक्ती हगवण असण्याचा संभव असतो; ओलें तूस हें तिचें माहेरघर. मानमोडी मात्र कोणत्याहि वयांत येते. १९२७ सालीं कुमाऊंतील राणीखेत येथें ती आढळली, म्हणून आपल्या देशांत तिला राणीखेत हें नांव पडलें. तिजवर औषध नाहीं. वेळेवर दिलेली लस हाच तरणोपाय.

परंतु वय आणि लक्षणें हे साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. गारठलेल्या पिलासहि पांढरी घाण चिकटते. म्हणून अंदाजानें पाण्यांत औषधें कालवूं नयेत. कोणत्या दिवशीं किती पिलें गेलीं हें वहींत मांडावें. नुकतेंच मेलेलें पिलूं न गोठवितां बर्फांत ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावें. जरूर तर पुढील तपासणी पुण्यास औंध येथें होऊं शकते. बाकीचीं खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावीं; कालव्यांत फेंकलेलें पिलूं रोग पुढच्या गांवीं नेऊं शकतें. एकाएकीं मोठी मर उसळली तर मात्र कांहीं न हलवितां डॉक्टरांसच बोलवावें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास बर्ड फ्लू आला, तेव्हां लाखों कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या होत्या, हें विसरतां येत नाहीं.

मृत्यूचा हिशेब ठेवणें कोणासहि आवडत नाहीं. परंतु सोमवारीं चार, मंगळवारीं तीन, अशी ती साधी नोंदच डॉक्टरांस वाट दाखविते आणि पुढच्या उबवणींतील पिलें वांचविते.