चिरकारी व्रणांवरील स्थानिक औषधे

योग्य शुश्रूषा करूनही जो व्रण सु. चार ते सहा आठवड्यांत भरून येण्याची चिन्हे दाखवीत नाही, त्यास चिरकारी (दीर्घकालीन) व्रण म्हणतात. अशा व्रणावर प्रत्यक्ष लावावयाची मलमे, विद्राव, जेली व चूर्णे यांचा समावेश स्थानिक औषधांत होतो.

कारणे : मधुमेह व कुष्ठरोग यांत तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा होऊन पाय बधिर होतो व पायास झालेली इजा रुग्णाच्या ध्यानात येत नाही. परभणी, लातूर यांसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यांत तुरीचे धसकट वा काटा लागल्याने झालेली लहानशी जखम अशा रुग्णात महिनोन् महिने टिकते व कधी कधी पाय गमावण्याचा प्रसंग येतो. यांखेरीज अपस्फीत (फुगलेल्या) शिरा, रोहिण्यांतील अपुरा रक्तपुरवठा व अंथरुणास खिळलेल्या रुग्णांवरील सततचा दाब (शय्याव्रण) ही प्रमुख कारणे होत.

प्राकृत जखमेत रक्तस्तंभन, शोथ (दाहयुक्त सूज), नवीन ऊतकाची निर्मिती व त्याची पुनर्रचना असे टप्पे क्रमाने येतात. चिरकारी व्रण बहुधा शोथाच्या टप्प्यातच अडकून पडतो. सूक्ष्मजंतू स्वतःभोवती चिकट पटल निर्माण करतात. त्यामुळे प्रतिजैव औषधे त्यांच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. तसेच व्रणातील प्रथिनविघटक एंझाइमे नवीन ऊतकाचा नाश करीत राहतात.

इतिहास : सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून त्यांत शोधन (स्वच्छ करणे) व रोपण (भरून आणणे) असा भेद केला आहे, मध व तूप यांचा उपयोगही तीत आढळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्लोरीनयुक्त विद्राव प्रचारात आले. जखम कोरडी ठेवावी, या रूढ समजुतीला १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांच्या डुकरांवरील प्रयोगांनी धक्का दिला. पातळ पटलाने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर त्वचेचा अधिस्तर उघड्या जखमांच्या सु. दुप्पट वेगाने पसरतो, असे त्यांना दिसून आले.

प्रमुख औषधे : पोव्हिडोन-आयोडीन व रौप्ययुक्त मलमे जंतुसंसर्ग असताना उपयोगी पडतात, मात्र तीव्र जंतुनाशके नवीन कोशिकांनाही मारक ठरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडाचा नित्य वापर याच कारणाने मागे पडला. प्रतिजैवांची मलमे दीर्घकाळ वापरल्यास त्वचेची अधिहृषता (ॲलर्जी) व जंतूंचा औषधप्रतिरोध उद्भवतो. कोशिकांच्या वाढीस चालना देणारा वृद्धिघटक असलेल्या बेकाप्लर्मिन या जेलीला अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेही पादव्रणासाठी मान्यता मिळाली. परंतु ती महाग आहे. सोलापूर येथील शल्यविशारद एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवरील मधाच्या वापराची रौप्ययुक्त मलमाशी तुलना करून आपले निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. वैद्यकीय वापराचा मध निर्जंतुक केलेला असावा लागतो, कारण कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात.

सायट्रिक अम्ल : लातूर येथील महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस अँड रिसर्च या संस्थेतील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ बसवराज नागोबा व त्यांचे सहकारी यांचे कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. बहुविध प्रतिजैवांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनस जंतूंनी गुंतागुंतीच्या झालेल्या, विजेमुळे भाजलेल्या जखमांवरील अनुभव त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे जंतुसंसर्गित चिरकारी व्रण व मधुमेही पादव्रण यांवरही ३ टक्के सायट्रिक अम्लाचे उपचार करण्यात आले. निरोगी त्वचेचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारे मूल्य) सु. ४ ते ६ असते. चिरकारी व्रणाचे ते बहुधा ७ ते ९ च्या दरम्यान असते. अम्लामुळे ते उतरते, जंतूंची वाढ खुंटते, प्रथिनविघटक एंझाइमांची क्रिया मंदावते व रक्तारुणातून (हीमोग्लोबिनातून) ऑक्सिजन अधिक सुलभतेने मुक्त होतो. हे द्रव्य स्वस्त असल्याने ग्रामीण रुग्णांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशेष आहे. तथापि उपलब्ध पुरावा मुख्यतः मर्यादित रुग्णसंख्येच्या निरीक्षणांवर आधारलेला असून मोठ्या तुलनात्मक चाचण्यांची आवश्यकता आहे. लिंबाचा रस हा या निर्जंतुक व निश्चित तीव्रतेच्या औषधाचा पर्याय नव्हे.

मर्यादा व दक्षता : कोणतेही स्थानिक औषध मूळ कारणावरील उपचाराची जागा घेऊ शकत नाही. मृत ऊतक काढून टाकणे, रक्तशर्करेचे नियंत्रण, मधुमेही व कुष्ठरोगी पादव्रणात पायावरील भार हलका करणे, मऊ रबराच्या तळाची पादत्राणे, शिराव्रणात दाबपट्टी आणि शय्याव्रणात वारंवार कूस बदलणे हे उपचाराचे मुख्य आधार होत. दाबपट्टी बांधण्यापूर्वी रोहिण्यांतील रक्तप्रवाह पुरेसा असल्याची खात्री करावी लागते. अन्यथा पायास धोका पोहोचतो. चुना, तंबाखू, राख किंवा गोळ्यांची पूड व्रणात भरल्याने दाह व जंतुसंसर्ग वाढतो आणि उपचारास विलंब होतो. ताप, दुर्गंधी, काळवंडलेली त्वचा किंवा पसरणारी लाली दिसल्यास रुग्णालयात त्वरित तपासणी आवश्यक असते. वर्षानुवर्षे न भरणाऱ्या व्रणाच्या कडा जाड व उंच होत गेल्यास कर्करोगाची शंका घेऊन ऊतकाचा तुकडा तपासावा लागतो.